रोजच्या वाटणीत कोणाचे नाव राहिले?

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व मंडळीतील अभ्यासवर्ग यांच्यासाठी पाठ)

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये ६:१-७. सोबत वाचावे : लेवीय १९:९-१०; प्रे. कृत्ये ११:२७-३०, १ करिंथ ११:२०-२२.

पाठाचा हेतू : शहरात अन्न असूनही काही घरे उपाशी का राहतात हे समजून घेणे, व ती उपासमार कमी करण्यासाठी मंडळीने मिळून काय करावे याचा विचार करणे.

प्रस्तावना

उपासमार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळ उभा राहतो. आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांना १९७२ सालचा दुष्काळ आठवतो. भेगाळलेली शेते, दुष्काळी कामांवरील खडी, शेजारच्या महाराष्ट्रात वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो यांच्या गोष्टी अजूनही घरोघरी सांगितल्या जातात. ती उपासमार दिसत होती. सगळ्या गावाची कणगी एकदमच रिकामी झाली होती, त्यामुळे कोणाला कोणापासून काही लपवावे लागत नव्हते.

शहरातील उपासमार तशी नाही. कलबुर्गीच्या बाजारात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. त्या भागातील तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्याच बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाच्या घरी महिनाअखेरीस वरण शिजतेच असे नाही. दुकान भरलेले असते, शेजाऱ्याच्या घरातून फोडणीचा वास येत असतो, आणि भिंतीपलीकडची आई मुलांना चहात बुडवून पाव देऊन झोपवते. ती कोणाला सांगत नाही. सांगायला तिला लाज वाटते, आणि सांगावे असे जवळचे माणूसही तिला त्या शहरात नसते.

मग प्रश्न असा की, अन्न असताना हे का घडते? ह्या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आपल्या शास्त्रपाठात आहे.

१. यरुशलेमेत काय घडले?

यरुशलेम हे शहर होते, आणि तेथील पहिली मंडळी शहरी मंडळी होती. तिच्यात विधवांना रोज अन्नाची वाटणी होत असे. अन्न होते, देणारे उदार होते, काम चालू होते. तरीही कुरकुर सुरू झाली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या.

त्या का राहिल्या? कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असे शास्त्र म्हणत नाही. अभ्यासकांचे म्हणणे असे की, परदेशी राहिलेली अनेक यहूदी कुटुंबे म्हातारपणी पवित्र नगरात येऊन राहत. पुरुष वारला म्हणजे मागे राहिलेल्या बाईला तेथे सासर-माहेर नसे, आणि स्थानिक बोलीही तिला नीट येत नसे. वाटणारे मात्र स्थानिक, इब्री बोलणारे. त्यांना स्वतःच्या आळीतील विधवा ठाऊक होत्या, पलीकडच्या आळीतील नव्हत्या. दोष अन्नाचा नव्हता, यादीचा होता.

आता प्रेषितांनी काय केले ते पाहा. अधिक धान्य गोळा करा असे ते म्हणाले नाहीत. कुरकुर करणाऱ्यांना त्यांनी गप्पही बसविले नाही. सर्व शिष्यांना बोलावून, चांगल्या नावाचे सात पुरुष तुम्हीच निवडा असे सांगितले. निवडलेल्या सातांची नावे पाचव्या वचनात आहेत. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची सगळी नावे ग्रीक आहेत! शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्मात बाहेरून आलेला. नावावरून माणसाची सगळी ओळख पटत नाही हे खरे, पण ज्यांच्या बाया वाटणीत राहिल्या होत्या त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती मंडळीने वाटणी सोपविली असे दिसते.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. आपण सहसा गरिबाला ताट देतो, पळी आपल्याच हाती ठेवतो. ह्या मंडळीने पळीच दिली.

२. आपल्या भागाला ह्यातले काय लागू पडते?

आपला मुलूख सीमेवरचा आहे. मुडबीच्या बाजारात एका सकाळी मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. त्यामुळे भाषेपायी माणूस वाटणीतून कसा राहतो हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. कचेरीतील अर्ज कन्नडमध्ये, विधवा बाई मराठी बोलणारी आणि तीही निरक्षर; ती दोनदा फेरी मारते, तिसऱ्यांदा जात नाही. उलट आपल्याच गावचा कन्नड बोलणारा मजूर पुण्याच्या बांधकामावर गेला की तेथे तोच परका होतो.

आपल्या बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतून कामासाठी मुंबई, पुणे व हैदराबाद येथे जाणारी कुटुंबे पुष्कळ. त्यांची गोष्ट २०२० साली साऱ्या देशाने पाहिली. त्या वर्षी मार्च महिन्यात देशातील कोरोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गी शहरात नोंदला गेला, आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. पुढे मे महिन्यात हजारो माणसे महाराष्ट्रातून आपल्या जिल्ह्यांत परतली. त्यांच्यापैकी कितीतरी घरांचे शिधापत्रक गावी होते आणि पोट शहरात होते. गावच्या दुकानात त्यांच्या नावचे धान्य होते, पण शहरात त्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते.

कायद्याने सोय केलेलीच नाही असे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो, व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. परंतु लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली आहे. त्यानंतर शहरे किती वाढली हे आपण पाहतोच. जो त्यानंतर शहरात आला, ज्याचे लग्न त्यानंतर झाले, ज्याची मुले त्यानंतर जन्मली, त्याला यादीत शिरणे कठीण जाते. पुन्हा तीच गोष्ट : कोठारात अन्न आहे, यादीत नाव नाही.

३. शेजाऱ्यांकडून शिकण्याजोगे

अन्नवाटणीचा विचार आपल्या भूमीला नवा नाही. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आपल्याच बसवकल्याणात, बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ह्या दोन गोष्टी जोडून सांगितल्या. श्रम करून मिळवावे आणि मिळविलेले वाटून खावे. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे नाव दासोहामुळेच लोकांच्या तोंडी राहिले. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारातील लंगरात येणाऱ्याची जात वा धर्म विचारला जात नाही. सर्वजण एका पंगतीला जमिनीवर बसतात. करिंथच्या मंडळीत एक उपाशी राहत असे व दुसरा भरल्या पोटी बसत असे, आणि पौलाने त्याबद्दल तिला कडक शब्द लिहिले. ते वाचून मग लंगराची पंगत पाहावी. शेजाऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

बिदरच्या सुलतानाच्या काळातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या दुष्काळातही मंगळवेढ्यात धान्य होते. कुलूप उघडणारा माणूस हवा होता.

आता आपल्या काळातील तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण बिदरच्या शेजारच्या जहीराबाद भागातील. पस्तापूर येथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नावाची संस्था दलित समाजातील गरीब बायांच्या संघांबरोबर काम करीत आली. १९९० नंतरच्या दशकात ह्या संघांनी गावची धान्यपेढी उभी केली. पडीक जमीन कसण्यासाठी शेतकऱ्यांना उचल दिली, आणि ती पैशात न घेता ज्वारीच्या रूपाने काही वर्षांत परत घेतली. ती ज्वारी गावातच साठविली व टंचाईच्या महिन्यांत गरिबांना कमी भावात दिली. गरीब कोण हे तालुक्याच्या कचेरीने ठरविले नाही. गावकऱ्यांनी एकत्र बसून, जमिनीवर गावाचा नकाशा काढून, घराघराची स्थिती सर्वांसमक्ष ठरविली. सर्वांदेखत केलेल्या यादीत खोटे नाव घालणे अवघड जाते, आणि खरे नाव राहिले तर कोणीतरी बोलतोच. हे काम खेड्यातले असले तरी शहरातील एखाद्या चाळीला किंवा वस्तीला ही रीत तशीच लागू पडते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून राहत. त्यांना दोन वेळचे जेवण घालीत त्या खानावळवाल्या बाया. शहराला जेवू घालणाऱ्या ह्या बाया स्वतः मात्र सावकाराच्या व वाण्याच्या उधारीत बुडालेल्या. बँकेच्या लेखी त्या व्यापारी नव्हत्या, आणि कामगार म्हणूनही त्यांची गणना नव्हती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि बँकेचे कर्ज त्यांच्या नावे मिळवून दिले. स्वयंपाक त्यांना येतच होता. एकेकटीला जे मिळत नव्हते ते एकत्र आल्यावर मिळाले.

तिसरे उदाहरण सावध करणारे आहे. १९९५ साली महाराष्ट्र शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. हेतू चांगला होता आणि रांगाही लागल्या. परंतु केंद्र चालविणारा एक व खाणारा दुसरा. खाणाऱ्याचा त्यात काही शब्द नव्हता. काही वर्षांनी अनुदान थांबले. कित्येक ठिकाणी टपरी राहिली आणि झुणका-भाकर गेली. तेथे नेहमीच्या भावाने वडे व चहा विकला जाऊ लागला. पुढे शासनांनी पुन्हा प्रयत्न केले. कर्नाटकात २०१७ साली इंदिरा कँटीन सुरू झाले, महाराष्ट्रात २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. अशा योजनांचे आपण स्वागतच करावे. पण वस्तीतील माणसे जिची राखण करीत नाहीत ती योजना एका सरकारी आदेशाने येते व दुसऱ्याने जाते, हे विसरू नये.

४. आपल्या मंडळीचा वारसा

ख्रिस्ती मंडळीला हे काम परके नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व उपासमारीत सापडलेल्या मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. तेथे रमाबाईंनी नुसते अन्नछत्र घातले नाही. विहिरी खणल्या, शेती व भाजीपाला केला, मुलींना हातचे काम व अक्षरओळख दिली. जी काल वाटणीत बसली होती तिला उद्या वाटणारी केले.

दूर मिझोरममधील मंडळीत १९१० सालापासून एक साधी रीत आहे. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातून एक मूठ वेगळी काढून ठेवते. ते तांदूळ मंडळीत जमा होतात व विकून त्यांचा पैसा प्रभूच्या कामी लागतो. श्रीमंत व गरीब दोघेही मूठच देतात, म्हणून देणाऱ्यांत उच्चनीच राहत नाही.

हिशेब करून पाहा. मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरू. चाळीस घरांनी रोज एक मूठ ज्वारी वा तांदूळ काढले तर महिन्याला ६० किलो होतात. त्यांतून सहा घरांना दहा-दहा किलो देता येईल. चाळीस घरांत कोणाच्याही पानातील भाकरी कमी झाल्याचे जाणवणार नाही.

५. कापणीचा सण : एक विचारण्याजोगा प्रश्न

आपल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला सभासद धान्य, भाजी, कोंबडी, अंडी जे असेल ते वेदीजवळ आणून ठेवतात. उपासना झाली की लिलाव होतो. ज्याच्या खिशात पैसा तो बोली लावतो, आणि जमलेली रक्कम मंडळीच्या फंडात जाते. मंडळीला पैसा लागतो हे खरे. पाळकसाहेबांचा पगार, मंदिराची डागडुजी व विजेचे बिल कोठून भरावयाचे, असे पंच विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

तथापि लेवीयाचे १९ वे अध्याय उघडून पाहावे. शेताचा काठ न कापता ठेवावा, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबाचा व परक्याचा आहे, अशी तेथे आज्ञा आहे. तेथे गरीब कोणाच्या दारी हात पसरत नाही. तो स्वतः वेचतो, आणि तो त्याचा हक्क असतो. शहरात शेत नाही, मग शहरातील गरिबाचा सरवा कोठे आहे? आपल्या सणाच्या टेबलावरच तो असू शकतो. सगळा लिलाव बंद करा असे येथे म्हणणे नाही. आलेल्या धान्याचा एक ठरलेला भाग, मग तो दहावा असो वा चौथा, लिलावातून बाहेर ठेवावा. तो भाग किती असावा हे पंच कमिटीने एकट्याने नव्हे, तर सर्व सभासदांनी ठरवावे.

६. प्रत्यक्ष काय करावे?

(अ) नावे शोधा. मंडळीचा परिसर आळीआळीने वाटून घ्या. एकटी विधवा, अंथरुणाला खिळलेला पुरुष, नव्याने आलेले मजूर कुटुंब यांची नोंद करा. आपल्या धर्माचे आहेत काय हा प्रश्न वहीत नको. भाषा कोणती बोलतात हे मात्र लिहा, म्हणजे कोणाला पाठवावयाचे ते कळेल.

(आ) रविवारकडे लक्ष द्या. कर्नाटकात २००२ साली अक्षर दासोह ही शाळेतील जेवणाची योजना सुरू झाली, ती पहिल्यांदा बिदर-गुलबर्ग्यासारख्या आपल्या ईशान्येकडील जिल्ह्यांत. पुष्कळ मुलांचे दिवसातले भरपोट जेवण म्हणजे तेच. परंतु रविवारी शाळा नसते, आणि शब्बाथ शाळा असते ती रविवारीच! जे मूल सुस्त बसते, चिडते, वचन पाठ करीत नाही, ते कदाचित सकाळपासून उपाशी असेल. मुलांना वर्गात उभे करून कोण जेवले कोण नाही असे कधीही विचारू नये. त्यापेक्षा पाठापूर्वी सर्वच मुलांना उप्पीट, उसळ किंवा शेंगदाणे-गूळ द्यावा. सर्वांना मिळाले की कोणाची लाज जात नाही.

(इ) शिधापत्रकासाठी मदत करा. एक देश एक शिधापत्रक ह्या सोयीमुळे कर्नाटकातील पत्रकावर मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील स्वस्त धान्य दुकानातूनही केंद्राच्या हिश्शाचे धान्य घेता येते. घरातील काही माणसे गावी व काही शहरात असली तर दोन्हीकडे आपापला भाग उचलता येतो. राज्य सरकार वरून जे देते ते मात्र परराज्यात मिळत नाही. गाव सोडण्यापूर्वी आधार जोडलेला आहे काय, अंगठा लागतो काय, हे पाहून घ्यावे व पत्रकाचा क्रमांक लिहून जवळ ठेवावा. मंडळीतील शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर तासभर ह्या कामासाठी बसावे.

(ई) शहरातील मंडळीला कळवा. कुटुंब कामासाठी निघाले की आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्याबरोबर त्या शहरातील मंडळीला एक निरोपही जावा. अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातील बंधूंना ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मदत पाठविली. तशी मंडळ्या-मंडळ्यांत देवाणघेवाण हवी. शहरातील मंडळ्यांनीही मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या परभाषी माणसाची विचारपूस करावी.

(उ) पळी कोणाच्या हाती? धान्य वाटणाऱ्या समितीत निदान निम्मी माणसे अशी असावी, ज्यांच्या घरी ही गरज आहे किंवा होती, आणि त्यांत बाया असाव्या. जुन्या यहूदी समाजात गरिबांची पेटी गोळा करावयास दोघे व वाटावयास तिघे असा नियम होता, म्हणजे एकट्याच्या हाती काही राहू नये. आपणही दर महिन्याला आलेले व दिलेले धान्य किलोवार वाचून दाखवावे. घेणाऱ्यांची नावे मात्र वाचू नयेत.

समारोप

सातव्या वचनाकडे शेवटी लक्ष द्यावे. यादी नीट झाली, वाटणी नीट झाली, आणि त्यानंतर वचनाचा प्रसार होत गेला असे लूक लिहितो. ताट-वाटीचे काम हलके व उपदेशाचे काम थोर असा भेद तेथे टिकत नाही. ज्या मंडळीत विधवा वाटणीत राहते तिचा उपदेश आळीत कोण ऐकेल?

चर्चेसाठी प्रश्न

१. ग्रीक बोलणाऱ्या विधवा वाटणीत का राहिल्या असाव्या? आपल्या मंडळीत अशी माणसे कोण?
२. प्रेषितांनी कुरकुर दाबली असती तर काय झाले असते?
३. धान्यपेढी व झुणका-भाकर केंद्र यांत मुख्य फरक कोणता?
४. कापणीच्या सणातील किती भाग आपण लिलावाबाहेर ठेवू शकू? अडचण कोणती?
५. आपल्या शब्बाथ शाळेत रविवारी सकाळी न खाता येणारी मुले आहेत काय? त्यांना न लाजविता हे कसे कळेल?

ह्या आठवड्याचे काम : प्रत्येक शिक्षकाने आपल्या आळीतील एका अशा घरी जावे, जेथे मंडळीचे कोणी आजवर गेलेले नाही. काही नेऊ नये, काही विचारू नये. बसावे, नाव विचारावे व बोलावे. पुढच्या रविवारी ते नाव वहीत पहिले लिहावे.